उपचारातून आलेले अपंगत्व : सैनिकाचा हक्क काय?

गेल्या सत्रात रक्तगटांचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, लढाईत जखम झाली तर पेन्शन मिळते हे माहीत आहे. पण दवाखान्यात बरे व्हायला गेलो आणि तिथल्याच उपचाराने शरीराचे नुकसान झाले, तर?" वर्गात थोडा हशा झाला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सैनिकाला आपले रुग्णालय निवडता येत नाही. जिथे तैनाती असेल तिथले जे रुग्णालय असेल, तिथे जायचे, डॉक्टर सांगतील ते करायचे. आपण शाळेतही एमआय रूममध्ये असेच जातो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर सैनिकाला, उद्या सैनिक होणाऱ्याला आणि त्याच्या आईवडिलांना माहीत असायला हवे.

उत्तर समजून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खऱ्या प्रकरणापासून सुरुवात करू.

एका रक्तपिशवीची गोष्ट

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले. पश्चिम सीमेवर फौजा तैनात झाल्या. त्या तैनातीत हवाई दलाचा एक तरुण जवानही होता. १९९६ साली तो दलात भरती झाला तेव्हा वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त ठरला होता. जुलै २००२ मध्ये तो आजारी पडला. जम्मूजवळ सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला दाखल केले गेले आणि तिथे त्याला एक पिशवी रक्त देण्यात आले. तो बरा झाला, कामावर रुजू झाला आणि ती पिशवी विसरूनही गेला.

बारा वर्षे गेली. २०१४ मध्ये त्याची प्रकृती पुन्हा ढासळली. तपासण्या झाल्या आणि त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. 'एवढी वर्षे कळले कसे नाही,' असे वाचकांना वाटेल. हा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे ठळकपणे दिसायला अनेकदा आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस वरवर निरोगी दिसतो.

मग मूळ शोधण्याचे काम सुरू झाले. २०१४ आणि २०१५ मध्ये दलाच्याच वैद्यकीय मंडळांनी त्याची तपासणी केली आणि हे अपंगत्व सेवेमुळे आलेले असल्याचे मत नोंदवले. कारण म्हणून त्यांनी जुलै २००२ मधील त्या एका रक्तपिशवीकडे बोट दाखवले. २०१६ मध्ये तो सेवेतून बाहेर पडला. आपल्या उपचारांचे जुने कागद मिळवण्यासाठी त्याला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावे लागले. भरपाईसाठी तो राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेला. तज्ज्ञाच्या पुराव्याने निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही, या कारणाने आयोगाने २०२१ मध्ये त्याची तक्रार फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

२६ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने निकाल दिला. हवाई दल आणि भूदल या दोघांनाही जबाबदार धरून त्यांनी १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उत्पन्नाचे नुकसान, मानसिक यातना आणि पुढच्या आयुष्यातील देखभालीचा खर्च या गोष्टी तिच्यात धरल्या होत्या. अपंगत्व निवृत्तिवेतनाची थकबाकीही सहा आठवड्यांत द्यावी, असा आदेश झाला.

या निकालात भरपाई आणि निवृत्तिवेतन या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या आहेत. सगळा विषय या फरकावरच उभा आहे.

दोन वाटा, दोन प्रश्न

पहिली वाट अपंगत्व निवृत्तिवेतनाची. तिथे विचारला जाणारा प्रश्न असा : हे अपंगत्व सेवेमुळे आले का, किंवा आधीचा आजार सेवेमुळे बळावला का? कोणाची चूक झाली, हे इथे विचारले जात नाही. डोंगराळ भागात थंडीने बोटे गमावलेल्या जवानाला 'चूक कोणाची' हे सांगावे लागत नाही. सेवेशी संबंध असला की पुरे.

दुसरी वाट नुकसानभरपाईची. तिथला प्रश्न वेगळा आहे : उपचार करणाऱ्याने वाजवी काळजी घेतली का? इथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्याच निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, हा दुवाही जोडावा लागतो.

बरेच लोक या दोन वाटांची गल्लत करतात. डॉक्टरची चूक सिद्ध करता येत नाही म्हणून काही जण निवृत्तिवेतनाचा अर्जच करत नाहीत. पेन्शन सुरू झाली म्हणजे आता भरपाई मागता येणार नाही, असे दुसरे काही समजतात. वरच्या प्रकरणात एकाच माणसाला दोन्ही मिळाले.

पहिली वाट : अपंगत्व निवृत्तिवेतन

भूदलाच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ वा विनियम या विषयाचा पाया मानला जातो. अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा बळावलेले असावे आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा जास्त असावे, अशा त्याच्या दोन मुख्य अटी. त्याच्या जोडीला १९८२ चे पात्रता नियम होते. त्यांत सैनिकाच्या बाजूने दोन मोठी गृहीतके होती. भरतीच्या वेळी कागदावर एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे धरायचे. आणि पात्रता सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर टाकायचे नाही, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा.

२ जुलै २०१३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही गृहीतके ठामपणे अधोरेखित केली. त्या प्रकरणातला जवान नऊ वर्षे नोकरी करून फेफऱ्याच्या आजारामुळे बाहेर पडला होता. आजार सेवेशी संबंधित नाही, असे वैद्यकीय मंडळाने म्हटले होते. पण का नाही, याचे कारण दिले नव्हते. न्यायालयाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला. वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे द्यायलाच हवीत, हे तत्त्व न्यायालयाने २०२५ मधील निकालातही पुन्हा सांगितले आहे.

निवृत्तिवेतनाची रक्कम कशी ठरते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका जवानाचे शेवटचे वेतन ६०,००० रुपये आहे आणि ४० टक्के अपंगत्वामुळे त्याला सेवेतून बाहेर काढले गेले. निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. सेवेचा भाग वेतनाच्या निम्मा, म्हणजे ३०,००० रुपये. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. ४० टक्क्यांना त्याच प्रमाणात ७,२०० रुपये होतील. पण ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ धरायचे आणि त्यावर असेल तर १०० धरायचे, असा 'ब्रॉड बँडिंग'चा नियम आहे. त्यामुळे आपल्या उदाहरणातील जवानाला अपंगत्वाच्या भागापोटी ९,००० रुपये मिळतील. एकूण ३९,००० रुपये, महागाई सवलत वेगळी. टक्केवारीच्या एका आकड्याने आयुष्यभराच्या उत्पन्नात किती फरक पडतो, हे यावरून दिसते.

हे उदाहरण जुन्या नियमांनुसार आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले. सेवेत राहून पूर्ण मुदतीने निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यांत 'इम्पेअरमेंट रिलीफ' अशी वेगळी संज्ञा आणली गेली. जुनी प्रकरणे जुन्याच नियमांनी चालतात. त्यामुळे घरात कोणी निवृत्त होत असेल, तर आपल्याला कोणते नियम लागू आहेत, हे पहिल्यांदा तारखेवरून तपासावे. शेजारच्या सुभेदार काकांना २०१५ मध्ये जे मिळाले, तेच आपल्याला मिळेल असे धरून चालू नये.

वैद्यकीय मंडळाचे मत मान्य नसेल तर दलातच पहिले अपील आणि दुसरे अपील करता येते. तिथेही समाधान झाले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. मुख्य पीठ दिल्लीला आहे. चंदीगड, लखनौ, कोलकाता, चेन्नई, जयपूर, मुंबई अशा ठिकाणी इतर पीठे आहेत.

दुसरी वाट : निष्काळजीपणाची भरपाई

'लष्करी रुग्णालयात उपचार फुकट असतात, मग सैनिक ग्राहक कसा?' ही शंका रास्त आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणणारा गाजलेला निकाल दिला. सर्वांनाच पूर्णपणे विनामूल्य मिळणारी सेवा त्या कायद्याबाहेर राहील, असे त्यात म्हटले होते. पण त्याच निकालात पुढे असेही आहे, की सेवाशर्तींचा भाग म्हणून मालक कर्मचाऱ्याच्या उपचारांचा खर्च करत असेल, तर ती सेवा फुकट म्हणता येणार नाही. सैनिकाला मिळणारे उपचार म्हणजे दानधर्म नव्हे. त्याच्या नोकरीच्या मोबदल्यातलाच तो एक भाग आहे.

आता उलट बाजूही नीट समजून घेऊ. उपचार करूनही रुग्ण बरा झाला नाही, म्हणजे डॉक्टर निष्काळजी होता असे होत नाही. २००५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्या क्षेत्रातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर जितकी काळजी घेईल तितकी घेतली असेल, तर वाईट परिणाम झाला तरी तो दोषी नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेत धोका असतो, प्रत्येक औषधाचा एखादा दुष्परिणाम असतो. सीमेवरच्या तंबूत, अपुऱ्या साधनांनिशी जीव वाचवणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक अपयशासाठी न्यायालयात खेचले, तर उद्या कोणी हात लावायला धजणार नाही. आपल्यापैकी काही जण पुढे पुण्याच्या एएफएमसीत जाऊन लष्करी डॉक्टर होतील. त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मग सांबाच्या प्रकरणात जवान कसा जिंकला? सामान्यतः निष्काळजीपणा दाखवण्याचे काम तक्रार करणाऱ्याचे असते. पण काही घटना अशा असतात, की त्या स्वतःच बोलतात. कायद्यात या तत्त्वाला 'रेस इप्सा लोक्विटर' असे लॅटिन नाव आहे. योग्य काळजी घेतली असती तर जी गोष्ट सहसा घडली नसती, ती घडली, आणि सगळा कारभार समोरच्याच्या हातात होता, अशा वेळी खुलासा करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. रक्त आणले कोणी, तपासले कोणी, साठवले कसे, हे बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पडलेल्या रुग्णाला कसे ठाऊक असणार? ते रुग्णालयाला ठाऊक असते. त्या पिशवीची एचआयव्ही चाचणी झाली होती, हे दाखवणारी नोंद मात्र पुढे आली नाही. दलाच्याच वैद्यकीय मंडळांचे मत जवानाच्या बाजूने होते. न्यायालयाने एका डॉक्टरला गुन्हेगार ठरवले नाही. व्यवस्थेतली साखळी तुटली, तिची जबाबदारी संस्थेची, असे न्यायालयाने सांगितले.

इथे थोडे विज्ञानही पाहू. भारतात रक्तपिशवीची एचआयव्ही चाचणी १९८९ पासूनच सक्तीची आहे. ४ जानेवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील रक्तपेढ्यांचा कारभार सुधारण्याचे आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. म्हणजे २००२ मध्ये धोका अपरिचित नव्हता. तरीही एक अडचण असते. रक्तदात्याला नुकतीच लागण झालेली असेल तर सुरुवातीच्या काही दिवसांत प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. याला 'विंडो पीरियड' म्हणतात. चाचणी करूनही असा एखादा प्रसंग घडला, तर त्याला निष्काळजीपणा म्हणणे कठीण. पण चाचणी केल्याची नोंदच नसेल, तर हा बचाव करायलाही जागा राहत नाही. नोंद रुग्णाचे रक्षण करते, तशी डॉक्टरचेही करते.

अमेरिकेत काय आहे?

उपचारातून आलेल्या अपंगत्वासाठी अमेरिकेने माजी सैनिकांच्या कायद्यात एक खास तरतूद केली आहे. तिची सुरुवात १९२४ च्या कायद्यात झाली. आज ती त्यांच्या संहितेच्या ३८ व्या शीर्षकातील कलम ११५१ म्हणून ओळखली जाते. माजी सैनिकांसाठी सरकारने चालवलेल्या रुग्णालयात उपचार घेताना जादा अपंगत्व आले, तर ते सेवेतच आले आहे असे समजून मासिक भरपाई द्यायची, असा तिचा अर्थ.

या कलमावरून मोठा वाद झाला. कोरियन युद्धात लढलेल्या एका सैनिकाच्या पाठीवर १९८६ मध्ये अशा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या डाव्या पायात वेदना आणि अशक्तपणा आला. रुग्णालयाची चूक दाखवल्याशिवाय भरपाई नाही, असे सरकारी विभागाने सांगितले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागाचा नियम एकमताने रद्द केला. कायद्यात 'चूक' हा शब्दच नाही, तर तुम्ही तो कुठून आणलात, असा त्या निकालाचा रोख होता. पण १९९६ मध्ये त्यांच्या संसदेने कायदाच बदलला. १ ऑक्टोबर १९९७ पासून दाखल झालेल्या दाव्यांत निष्काळजीपणा, कौशल्याचा अभाव किंवा निर्णयातील चूक दाखवावी लागते. किंवा जे घडले ते वाजवी अंदाजापलीकडचे होते, असे दाखवावे लागते.

सेवेत असलेल्या सैनिकांची स्थिती तिथे आणखी कठीण होती. १९५० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा करता येणार नाही असे ठरवले. यालाच 'फेरेस तत्त्व' म्हणतात. त्या वेळी एकत्र ऐकलेल्या प्रकरणांपैकी एकात सैन्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या जवानाच्या पोटातून पुढे एक टॉवेल निघाला होता. तीस इंच लांब, अठरा इंच रुंद, आणि त्यावर सैन्याच्या वैद्यकीय विभागाचा छाप! एवढी ढळढळीत चूक असूनही त्याचा दावा टिकला नाही. जवळजवळ सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने सेवेतील सैनिकांना वैद्यकीय निष्काळजीपणासाठी दावा करण्याची मुभा मिळाली. तोही न्यायालयात नव्हे, तर संरक्षण विभागाकडेच.

भारतात कलम ११५१ सारखी स्वतंत्र तरतूद नाही. पण आपल्याकडे फेरेस तत्त्वाची भिंतही नाही. भारतीय सैनिक न्याय मागायला ग्राहक आयोगापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, हे सांबाच्या प्रकरणाने दाखवले. उणीव आहे ती वेगळी. अमेरिकेत निवृत्तीनंतरच्या उपचारातील नुकसानीलाही कलम ११५१ लागू होते. आपल्याकडे निवृत्तीनंतर ईसीएचएसच्या माध्यमातून घेतलेल्या उपचारात काही बिघडले, तर अपंगत्व निवृत्तिवेतनाची वाट बहुधा बंद असते, कारण त्या वेळी माणूस सेवेत नसतो. दुसरी वाटच उरते आणि ती लांब असते.

आपल्या वयाच्या मुलांसाठी

आपण शाळेत आहोत, सेवेत नाही. त्यामुळे वरचे पेन्शनचे नियम आपल्याला लागू नाहीत, हे पालकांनीही लक्षात घ्यावे. पुढे एनडीए किंवा इतर प्रबोधिनीत गेल्यावरही कॅडेट लगेच सैनिक ठरत नाही. प्रशिक्षणात अपंग होऊन बाहेर पडलेल्या अधिकारी कॅडेट्सना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, पेन्शनऐवजी मासिक सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएसची दारे उघडली. कायदा असा हळूहळू, कोणीतरी प्रश्न विचारल्यावरच पुढे सरकतो.

आता सवयीबद्दल. आपल्याकडे दुखणे लपवणे हे शौर्य समजले जाते. क्रॉस कंट्री चुकेल, कॅम्प हुकेल, म्हणून मुले मुरगळलेला पाय घेऊन धावतात. नाशिकमधील एका नागरी प्रकरणातून याबाबत धडा घेता येईल. १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या पोटात गॉझचा बोळा राहिला. वेदना होत राहिल्या. पण नऊ वर्षे ती वेदनाशामक गोळ्यांवर राहिली, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे परत गेली नाही. २००२ मध्ये बोळा सापडला, २००४ मध्ये तिने तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दडलेल्या चुकीबाबत मुदत चूक कळल्यापासून मोजता येते. पण इतकी वर्षे दुखत असताना सावध माणूस डॉक्टरकडे गेला असता. तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दुखणे अंगावर काढले तर शरीर जाते, आणि कधी कधी हक्कही जातो.

म्हणून काही साध्या गोष्टी आजपासून अंगी बाणवाव्यात :

१. दुखापत झाली की त्याच दिवशी सांगावे आणि तिची लेखी नोंद करून घ्यावी. सेवेत गेल्यावर आयएएफवाय-२००६ या नमुन्यातील इजा अहवाल भरला गेला आहे का, हे स्वतः पाहावे.

२. रुग्णालयातून सुटी मिळताना डिस्चार्ज कार्डाची प्रत घ्यावी. रक्त दिले असेल तर त्याची तारीख आणि ठिकाण त्यावर आहे का, ते वाचावे.

३. शस्त्रक्रियेच्या किंवा रक्त देण्याच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी धोका काय, हे विचारावे. प्रश्न विचारणे म्हणजे शिस्तभंग नव्हे.

४. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागावी. टक्केवारी, आजाराचे नाव आणि 'सेवेमुळे की नाही' याचे कारण, या तीन गोष्टी तिच्यात पाहाव्यात.

५. घरी एका फाइलमध्ये हे सगळे कागद तारखेप्रमाणे लावावेत. माजी सैनिकांच्या घरी ही फाइल बहुतेक वेळा आई किंवा पत्नीच सांभाळते. तिलाही त्यात काय आहे, हे माहीत असावे.

६. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. महाराष्ट्राबाहेर त्याला काही ठिकाणी जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात.

सांबाच्या निकालात न्यायालयाने एका अर्थाने आपल्याबद्दलच लिहिले आहे. तरुण मुले उत्साहाने आणि देशप्रेमाने सैन्यात येतात. प्राण पणाला लावायची त्यांची तयारी असते. त्यांच्या सुरक्षेचे आणि आरोग्याचे मापदंड उच्च ठेवणे, हे अधिकाराच्या साखळीतील प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असा त्यातील भाव आहे.

त्या साखळीतली एक कडी उद्या आपण असू. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर असेल, कोणी कंपनी कमांडर असेल, कोणी दूरच्या ठाण्यावर नोंदवही सांभाळणारा असेल. मध्यरात्री रक्ताची एक पिशवी येईल, घाई असेल, आणि 'नोंद उद्या करू' असे कोणीतरी म्हणेल. त्या वेळी बारा वर्षे आपल्या आजाराचे मूळ ठाऊक नसलेला तो जवान आठवावा आणि ती ओळ तेव्हाच लिहावी. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर वर दिलेच आहे, पण ती वेळच येऊ नये याची काळजी घेणे आपल्या हातात आहे.